सॅम ह्यूस्टन खरंच वकील होता का, की नुसता लढवय्या?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फौजेतून नुकताच बाहेर पडलोय, एलएलबीला ॲडमिशन घेतलीय, सॅम ह्यूस्टनबद्दल वाचायला घेतलं तर सगळीकडे सॅन जसिंटोची लढाई (1836 ची, जिच्यामुळे टेक्सास मेक्सिकोपासून सुटून वेगळा देश झाला) आणि त्या टेक्सासचा अध्यक्ष हेच सापडतं, वकिली दोन ओळींत उरकलेली असते. मग ती नावापुरतीच होती का?

मी पण आधी फौजेत होतो आणि आता बरीच वर्षं तालुका आणि जिल्हा कोर्टात फौजदारी चालवतोय, ह्यूस्टन माझा जुना आवडीचा विषय, म्हणून सविस्तर लिहितो. आधी सरळ उत्तर. कोर्टात उभं राहून त्याने फार वर्षं काढली नाहीत. पण त्याच्या आयुष्यातले जे चारपाच निर्णायक प्रसंग आहेत त्यातल्या जवळजवळ प्रत्येकात वकील दिसतो, अगदी रणांगणावरच्या प्रसंगात सुद्धा. माझं मत विचाराल तर सैनिक म्हणून तो धाडसी होता पण असामान्य नव्हता, त्याचं असामान्यपण होतं ते कुठला कागद कोणाच्या सहीने, कोणत्या अधिकाराने झालाय आणि तो किती टिकेल हे ओळखण्यात.

जन्म 2 मार्च 1793, व्हर्जिनिया. वडील मिलिशियात (नागरिकांच्या हंगामी फौजेत) मेजर, ते गेल्यावर आईने 1807 मध्ये सगळी पोरं घेऊन टेनेसीत मेरीव्हिलजवळ बिऱ्हाड हलवलं. टेनेसी तेव्हा अमेरिकन वस्तीची शेवटची कड होती, पलीकडे चेरोकी ह्या मूळ अमेरिकन (इंडियन) लोकांचा मुलूख. सॅमला ना शेतीत रस ना दुकानात, सोळाव्या वर्षी घर सोडून तो सरळ चेरोकींमध्ये जाऊन राहिला. तिथला प्रमुख ऊलूटेका, ज्याला गोरे लोक जॉन जॉली म्हणायचे, त्याने ह्याला मुलासारखं ठेवलं, भाषा शिकला, नाव मिळालं ‘कॉलोनेह’. ये जा करत साधारण तीन वर्षं तो तिकडेच होता. हे लक्षात ठेवा, कारण पुढे करार आणि वचनं ह्या गोष्टी त्याच्या डोक्यात इतक्या पक्क्या बसल्या त्याचं मूळ मला इथे दिसतं, वचन मोडल्यावर समोरच्याचं काय होतं हे त्याने त्यांच्या घरात बसून बघितलं होतं.

परत आला तो डोक्यावर उधारी घेऊन, ती फेडायला 1812 मध्ये शाळा काढली. लाकडी ओंडक्यांची एक खोली, ती अजून मेरीव्हिलजवळ उभी आहे. फी टर्मला 8 डॉलर, त्यातला तिसरा हिस्सा रोख, तिसरा मक्यात आणि तिसरा सुती कापडात. तिथे रोख पैसा किती दुर्मिळ होता ते ह्यावरून कळतं. तिथल्या वकिलाची फी पण बऱ्याचदा धान्य, जनावर किंवा जमिनीच्या तुकड्यात यायची.

24 मार्च 1813 ला भरती झाला. 21 पूर्ण नव्हती म्हणून आईची संमती लागली. आईने एक अंगठी दिली, आतल्या बाजूला ‘ऑनर’ कोरलेली, ती मरेपर्यंत त्याच्या बोटात होती. वर्षभरात अधिकारी झाला आणि 27 मार्च 1814 ला अलाबामात हॉर्सशू बेंडला अँड्र्यू जॅक्सनच्या हाताखाली क्रीक ह्या दुसऱ्या इंडियन जमातीच्या रेड स्टिक गटाविरुद्ध लढला. तटबंदीवर चढताना मांडीत वरच्या बाजूला बाण घुसला, बाणाला उलटा काटा असल्यामुळे निघेना, तेव्हा शेजारच्या लेफ्टनंटला तलवार दाखवून ओढायला लावला आणि मांस फाडूनच तो बाहेर आला. जॅक्सनने मागे थांबायला सांगितलं होतं, तरी दुपारी शेवटच्या हल्ल्याला माणसं मागितली तेव्हा हा पुन्हा पुढे, आणि ह्यावेळी उजव्या खांद्याला आणि दंडाला दोन गोळ्या. डॉक्टरांनी एक काढली, दुसरी काढायची तसदी घेतली नाही कारण माणूस सकाळपर्यंत जगेल असं कोणाला वाटलं नव्हतं. जगला, पण ती जखम आयुष्यभर पूर्ण भरली नाही. त्या दिवशी हजारभर क्रीकांपैकी आठशेच्या आसपास मारले गेले, हे पण सांगायला हवं, नाहीतर ती नुसती शौर्यकथा होते.

फौज सोडण्याचं कारण तुमच्यासारख्यांना लगेच समजेल. 1817 मध्ये त्याला चेरोकींचा सब-एजंट, म्हणजे त्यांच्याकडचा सरकारचा दुय्यम प्रतिनिधी, नेमलं, काम काय तर ऊलूटेकाच्याच लोकांना मिसिसिपीपलीकडे आर्कान्साला जायला राजी करायचं. ते त्याने केलं. दुसऱ्या वर्षी चेरोकींचं शिष्टमंडळ घेऊन वॉशिंग्टनला गेला, अंगावर त्यांचाच पोशाख, आणि युद्धमंत्री जॉन कॅल्हूनने शिष्टमंडळ बाहेर गेल्यावर कपड्यांवरून झापलं. वर गुलामांच्या चोरट्या व्यापारात सामील असल्याचा आरोप, जेव्हा खरं तर त्यानेच तो व्यापार अडवायचा प्रयत्न केला होता. चौकशीत निर्दोष ठरला पण कोणी चकार शब्दाने माफी मागितली नाही. 1 मार्च 1818 ला राजीनामा. वय पंचवीस, हातात हुद्दा नाही, खांदा निकामी, डोक्यावर परत कर्ज.

आता वकिली. तेव्हा लॉ कॉलेजची पदवी लागायची नाही, एखाद्या जुन्या वकिलाच्या ऑफिसात बसून पुस्तकं वाचायची, कज्जे कसे चालतात ते बघायचं, मग परीक्षा देऊन सनद. ह्यूस्टन नॅशव्हिलला जज जेम्स ट्रिंबल ह्यांच्याकडे बसला. अभ्यास दीड वर्षाचा सांगितला होता, ह्याने सहा महिन्यांत उरकला आणि त्याच वर्षी सनद मिळवून पूर्वेला लेबनॉन नावाच्या छोट्या गावात ऑफिस टाकलं. तिथल्या पोस्टमास्तरने, आयझॅक गोलाडेने, महिना 1 डॉलर भाड्याने खोली दिली. गोलाडेकडून कपडे पण उधारीवर मिळाले, आणि नव्या वकिलासाठी हे किती मोठं असतं ते तालुक्याच्या ठिकाणी पहिला काळा कोट शिवलेल्या कोणालाही विचारा.

सहा महिन्यांत झालेला वकील कायद्याचा पंडित नसणार हे उघड आहे. पण सरहद्दीवरच्या कोर्टात काम कसलं होतं ते बघा. जमिनीच्या हद्दी आणि टायटलची भांडणं, उधारीची वसुली, मारामाऱ्या, अब्रूनुकसानी. ज्युरीत शेजारपाजारचे शेतकरी. तिथे लागायची ती माणसं वाचायची ताकद, खणखणीत आवाज आणि उभं राहिल्यावर खोलीचं लक्ष खेचणं, आणि सहा फुटांवर उंच असलेल्या ह्या माणसाकडे ते सगळं होतं. लवकरच जॅक्सनच्या पाठिंब्याने मिलिशियाचा ॲडज्युटंट जनरल, नॅशव्हिल जिल्ह्याचा सरकारी वकील, 1821 मध्ये मिलिशियाचा मेजर जनरल, 1823 मध्ये काँग्रेसमध्ये (अमेरिकन संसदेत), 1827 मध्ये टेनेसीचा गव्हर्नर. सनद मिळाल्यापासून नऊ वर्षांत गव्हर्नर. ह्यात जॅक्सनचा हात किती आणि स्वतःचं किती असं विचाराल तर मी म्हणेन दार जॅक्सनने उघडलं, पण सरकारी वकिलीच्या काळात जो जिल्हा पायाखाली घातला, ज्या माणसांना नावाने ओळखायला लागला, ती कमाई त्याची स्वतःची. आपल्याकडेही तालुका कोर्टातून निवडणुकीत उतरलेल्यांचं गणित असंच असतं.

मग सगळं कोसळलं. जानेवारी 1829 मध्ये एलायझा ॲलनशी लग्न, तीन महिन्यांच्या आत ती माहेरी, आणि 16 एप्रिलला ह्याने गव्हर्नरपदाचा राजीनामा दिला. कारण दोघांनीही कधी उघड सांगितलं नाही. तो थेट पश्चिमेला ऊलूटेकाकडे गेला, चेरोकींनी नागरिकत्व दिलं, तिथे डायना रॉजर्सशी चेरोकी रिवाजाने संसार केला, दुकान चालवलं, आणि भयंकर प्यायला. ह्या काळाबद्दल मी जास्त लिहीत नाही, पण ह्याच काळात तो इंडियन एजंटांच्या भ्रष्टाचाराविरुद्ध तक्रारी लिहीत होता आणि त्यातून काही एजंट घालवले गेले, हे विसरू नका.

1832 चा खटला मात्र प्रत्येक वकिलाने वाचावा असा आहे. ओहायोचा विल्यम स्टॅनबेरी काँग्रेसमध्ये भाषणात बोलला की इंडियन लोकांच्या शिध्याच्या कंत्राटात ह्यूस्टनने घोटाळा केला. ह्यूस्टनने पत्र लिहून खुलासा मागितला, उत्तर नाही. 13 एप्रिलला पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर दोघं समोरासमोर आले, ह्यूस्टनने हिकरीच्या काठीने त्याला झोडपलं, स्टॅनबेरीने छातीवर पिस्तूल लावून चाप ओढला, पण बार उडाला नाही. मग सभागृहाने ह्यूस्टनला धरून आणलं, आपल्या भाषेत हक्कभंग. सभागृहात बोललेल्या शब्दाबद्दल सदस्याला बाहेर जाब विचारता येत नाही, हा एक मुद्दा. आणि सदस्य नसलेल्या माणसाला सभागृह स्वतःच फिर्यादी आणि स्वतःच न्यायाधीश होऊन शिक्षा देऊ शकतं का, हा दुसरा. आपल्याकडे विधानसभेत हक्कभंगाचा प्रस्ताव आला की अजून हीच दोन टोकं समोरासमोर येतात.

त्याचा वकील होता फ्रान्सिस स्कॉट की, अमेरिकेचं राष्ट्रगीत ज्याच्या कवितेवरून आलं तोच. पण शेवटचं भाषण ह्यूस्टनने 7 मे ला स्वतः केलं. आता नीट बघा, मारहाण नाकारायला जागाच नव्हती, भर रस्त्यात झालेली. म्हणून वस्तुस्थितीवर तो भांडलाच नाही, त्याने प्रश्न अधिकारक्षेत्रावर नेला: मी गुन्हा केला असेल तर कोर्ट आहे, ज्युरी आहे, पण तुम्ही मला कुठल्या कायद्याने शिक्षा देणार, उद्या हेच सभागृह कोणत्या नागरिकाला सोडेल? दोषी ठरला, पण शिक्षा काय तर सभापतीने दिलेली समज, आणि ती पण इतकी सौम्य की तिचा फायदा त्यालाच झाला. नंतर कोर्टाने 500 डॉलर दंड केला, तो राष्ट्राध्यक्ष जॅक्सनने माफ केला. काठी उगारणं समर्थनीय नव्हतं, मी ते करणारही नाही, पण पडलेली केस कुठल्या मैदानावर न्यायची हे कळणं म्हणजे वकिली, आणि तीन वर्षं दारूत बुडालेला माणूस त्या एका भाषणाने परत राष्ट्रीय राजकारणात आला.

2 डिसेंबर 1832 ला रेड नदी ओलांडून तो टेक्सासात शिरला, तेव्हा तो मेक्सिकोचा भाग होता. नॅकोडोचसला वकिली सुरू केली, मेक्सिकन कायद्याप्रमाणे जमीन हवी तर कॅथलिक असावं लागायचं, म्हणून बाप्तिस्मा घेतला. 1833 च्या अधिवेशनात टेक्सासला मेक्सिकोतलं वेगळं राज्य करायची घटना लिहिणाऱ्या समितीचा अध्यक्ष हाच. म्हणजे आल्याआल्या पहिलं मोठं काम मसुद्याचं, तलवार नंतर.

मार्च 1836. टेक्सासचं मेक्सिकोविरुद्ध युद्ध पेटलेलं. वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोस नावाच्या वस्तीत, ज्या इमारतीच्या खिडक्यांना काचासुद्धा नव्हत्या तिथे, प्रतिनिधी जमलेले. 2 मार्चला स्वातंत्र्याचा जाहीरनामा, योगायोगाने ह्यूस्टनचा त्रेचाळिसावा वाढदिवस. 6 तारखेला रविवारी अलामोतून, म्हणजे मेक्सिकन फौजेने वेढलेल्या टेक्सासच्या ठाण्यातून, तिथला सेनाधिकारी ट्रॅव्हिस ह्याचं मदतीची याचना करणारं पत्र आलं, एकाने ठराव मांडला की आत्ताच्या आत्ता सभा बरखास्त करून सगळ्यांनी बंदुका घेऊन निघावं. फौजी माणसाचं रक्त इथे उसळणारच, तुमचं माझं पण उसळलं असतं. आणि सरसेनापती असलेला ह्यूस्टन उभा राहून म्हणाला की तुम्ही जागेवरून हलू नका, घटना पूर्ण करा, सरकार नसेल तर हे बंड आहे, सरकार असेल तर ते राष्ट्र आहे ज्याला दुसरे देश मान्यता देऊ शकतात, लढायला मी जातो. प्रतिनिधी थांबले, घटना झाली. अलामो त्याच पहाटे पडलं होतं, म्हणजे निघाले असते तरी कोणी वाचलं नसतं आणि टेक्सासकडे सरकारही राहिलं नसतं. माझ्या मते त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा क्षण हाच, सॅन जसिंटो नाही.

सॅन जसिंटो थोडक्यात. पाच सहा आठवडे तो माघार घेत राहिला, हंगामी अध्यक्ष बर्नेट चिडून लढायला सांगत होता, स्वतःचे सैनिक बंडाच्या तयारीत, आणि त्याने 21 एप्रिलपर्यंत कोणाचं ऐकलं नाही. दुपारी साडेचारच्या सुमारास, मेक्सिकन छावणी सुस्तावलेली असताना, साधारण नऊशे माणसांनी हल्ला केला, 18 मिनिटांत लढाई संपली. कत्तल मात्र त्यानंतर बराच वेळ चालू होती, हात वर केलेल्यांची पण. सहाशेवर मेक्सिकन मेले, सातशेवर पकडले गेले. ह्यूस्टनच्या घोट्याचा गोळीने चुरा.

दुसऱ्या दिवशी साध्या शिपायाच्या वेशात मेक्सिकोचा अध्यक्ष आणि सेनाप्रमुख सांता आना सापडला. झाडाखाली आडवा पडलेला ह्यूस्टन, भोवती माणसं ओरडतायत फाशी द्या, आणि मागणी अन्यायाची पण नव्हती, अलामो आणि गोलियाडला ह्याच माणसाच्या हुकमाने कैद्यांना मारलं होतं. ह्यूस्टनने त्याला जिवंत ठेवलं. हिशोब साधा होता. टेक्सासात अजून हजारो मेक्सिकन सैनिक दुसऱ्या सेनापतींच्या हाताखाली शाबूत होते. सांता आना मेला तर तो हुतात्मा, जिवंत असेल तर त्याच्या सहीचा हुकूम निघू शकतो की मागे जा. आणि तसाच निघाला, त्याच्या हाताखालचा सेनापती फिलिसोला फौज घेऊन मागे हटला. नऊशे माणसांनी जे जिंकता आलं नसतं ते एका सहीने मिळालं.

पुढे सप्टेंबर 1836 मध्ये टेक्सास प्रजासत्ताकाच्या अध्यक्षपदाला त्याला 5119 मतं पडली, स्टीफन ऑस्टिनला 587. दोन वेळा अध्यक्ष झाला, तिजोरी रिकामी असल्यामुळे खर्च कापत राहिला, 1842 मध्ये लोकांना मेक्सिकोशी युद्ध हवं होतं तेव्हा युद्धाच्या विधेयकावर व्हेटो टाकला. 29 डिसेंबर 1845 ला टेक्सास अमेरिकेत गेलं आणि तो सिनेटर झाला, तेरा वर्षं.

आता त्याची हार सांगतो, कारण ती पण कागदाचीच आहे. फेब्रुवारी 1836 मध्ये त्याने पूर्व टेक्सासातल्या चेरोकींशी त्यांचा प्रमुख द बोल, म्हणजे दुवाली, ह्याच्याबरोबर करार केला होता: तुम्ही युद्धात तटस्थ रहा, तुमची जमीन तुमची. चेरोकींनी शब्द पाळला. अध्यक्ष झाल्यावर ह्यूस्टनने करार सिनेटपुढे नेला, सिनेटने डिसेंबर 1837 मध्ये रद्द केला. त्याच्यानंतर अध्यक्ष झालेल्या लमारने 1839 मध्ये फौज पाठवली आणि 16 जुलैला नेचेसच्या लढाईत ऐंशीच्या पुढचा म्हातारा बोल मारला गेला. ह्यूस्टनने सभागृहात उभं राहून ह्याचा धिक्कार केला, लोकांनी शिव्या घातल्या. जो माणूस कागदाची किंमत इतकी ओळखत होता त्याला हे पण माहीत होतं की मान्यतेशिवाय करार म्हणजे नुसतं आश्वासन, तरी ते आश्वासन त्याने चेरोकींना दिलं आणि त्यांनी त्याच्या नावावर विसंबून राहून सगळं गमावलं. माझ्या लेखी त्याच्या नावावरचा हा मोठा डाग.

दुसरा डाग गुलामगिरी. तो स्वतः गुलाम बाळगून होता, शेवटी बाराएक माणसं होती. 1854 मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायद्याविरुद्ध (नव्या प्रांतांत गुलामगिरी ठेवायची की नाही हे तिथल्या वस्तीवर सोडणारा कायदा) मत देणारे दक्षिणेचे सिनेटर दोनच, टेनेसीचा जॉन बेल आणि हा, पण त्याचा युक्तिवाद 1820 चा मिसुरी समझोता (ठरलेल्या रेषेच्या उत्तरेच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी नको हा तोडगा) हे दिलेलं वचन आहे आणि ते मोडू नका असा होता, गुलामांच्या माणूसपणाचा नव्हता. त्याच्या घरातला गुलाम जोशुआ ह्यूस्टन मुक्तीनंतर हंट्सव्हिलमध्ये स्वतः निवडून येऊन लोकप्रतिनिधी झाला, हे ह्या कुटुंबाबद्दल वाचताना आवर्जून वाचा.

त्या मतामुळे सिनेटची जागा गेली, 1857 ला गव्हर्नरपदाची निवडणूक हरला, 1859 ला तीच जिंकला. आणि मग 1861. टेक्सासने अमेरिकेतून (युनियनमधून) फुटून निघायचं की नाही ह्यावर 23 फेब्रुवारीला मतदान झालं, 46,153 विरुद्ध 14,747, लोकांनी फुटायला कौल दिला. ह्यूस्टनने कौल मानला. पण फुटण्यासाठी भरलेलं प्रतिनिधींचं अधिवेशन तिथे थांबलं नाही, त्याने टेक्सासला कॉन्फेडरसीत, म्हणजे फुटलेल्या दक्षिणी राज्यांच्या नव्या संघात, नेऊन बसवलं आणि सगळ्या अधिकाऱ्यांनी तिच्या निष्ठेची शपथ घ्यावी असं फर्मान काढलं. 16 मार्चला ऑस्टिनच्या कॅपिटलमध्ये तीनदा त्याचं नाव पुकारलं गेलं, तो खाली तळमजल्यावर लाकूड तासत बसला होता असं सांगतात, वर गेला नाही. लेफ्टनंट गव्हर्नर एडवर्ड क्लार्कला त्याच्या जागी बसवलं. लिंकनने फौजेची मदत देऊ केली होती, ती नाकारली, टेक्सासच्या माणसांवर टेक्सासात बंदूक चालवून खुर्ची टिकवायची नव्हती. थोरला मुलगा सॅम पुढे कॉन्फेडरेट फौजेतच गेला आणि 1862 मध्ये शायलोच्या लढाईत जखमी होऊन पकडला गेला. ह्यूस्टन 26 जुलै 1863 ला हंट्सव्हिलला न्यूमोनियाने वारला.

आज ह्यूस्टन शहरात आपली इतकी मराठी मंडळी राहतात, त्यांना हंट्सव्हिल गाडीने दीड तासाच्या आत आहे, त्याचं घर आणि कबर दोन्ही तिथे आहेत. तुम्ही एलएलबी करताय तर मात्र लढाईच्या वर्णनापेक्षा त्याचं 16 मार्च 1861 चं टेक्सासच्या जनतेला लिहिलेलं निवेदन आधी वाचा. त्यातला मुद्दा असा की लोकांनी युनियन सोडायला मत दिलं, नव्या संघात सामील व्हायला कोणी विचारलंच नव्हतं, मग अधिवेशनाने दिलेल्या अधिकाराबाहेर जाऊन केलेली कृती मला बांधत नाही आणि ती शपथ पण नाही. प्रतिनिधीचे अधिकार आणि त्याची मर्यादा हा काँट्रॅक्टच्या पेपरला येणारा एजन्सीचा भाग आहे ना, तो शिकून झाला की लगेच वाचा, मग 7 मे 1832 चं भाषण घ्या, आणि दोन्हीत तो पहिला प्रश्न कोणता उचलतो तेवढंच वहीत उतरवून ठेवा.